राखणदारच दारात आडवा पडला तेव्हा

शुक्रवार, १९ जुलै २०२४. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा होत आले होते. कचेऱ्यांतून दिवसाच्या कामाला नुकती कुठे सुरुवात होत होती. इतक्यात जगभरच्या संगणकांचे पडदे एकामागून एक निळे पडू लागले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तो पुन्हा निळा पडदा! आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. लंडनच्या स्काय न्यूज वाहिनीचे सकाळचे प्रक्षेपण बंद पडले. इंग्लंडातील कित्येक डॉक्टरांना समोर बसलेल्या रोग्याची जुनी नोंद दिसेना. दरोडा पडला म्हणावे, तर चोर कुठेच नव्हता. दार अडवून आडवा पडला होता तो खुद्द राखणदार!

हा राखणदार कोण? एखाद्या संस्थेत हजार संगणक असले, तर चोराला हजार दारे मोकळी असतात. टेबलावरचे यंत्र, साहेबांच्या बॅगेतला लॅपटॉप, तिकिटाच्या खिडकीतला संगणक, या प्रत्येकाला धंद्याच्या भाषेत 'एन्डपॉइंट' म्हणतात. अशा प्रत्येक दारावर एक लहानसा प्रोग्राम बसवतात. कोण कोणत्या फाइलला हात लावतो, यावर तो नजर ठेवतो आणि संशय येताच त्याला अडवून मुख्य ठाण्याला वर्दी देतो. चोर तळघरातून येऊ नये म्हणून या पहारेकऱ्याला विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात, 'कर्नल'मध्ये, जागा दिलेली असते. मेख नेमकी इथेच आहे. ओसरीवरचा प्रोग्राम कोसळला, तर तो एकटाच बंद पडतो. गाभाऱ्यातला कोसळला, की सारे यंत्रच कोसळते.

त्या दिवशीचा पहारेकरी अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक कंपनीचा 'फाल्कन', म्हणजे ससाणा. चोरांच्या नव्या युक्त्या ओळखता याव्यात म्हणून कंपनी त्याला वरचेवर नियमांच्या छोट्या फाइली धाडते. आपल्या घड्याळाप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी अशीच एक फाइल निघाली. तिला २१ रकान्यांची माहिती हवी होती. यंत्रातला प्रोग्राम मात्र २० रकानेच पुरवीत होता. एकविसावा शोधायला गेलेला ससाणा भलत्याच जागी झेपावला, आणि विंडोजने मान टाकली. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामातही दोष होता, म्हणून चूक आधी सापडली नाही. फाइल मागे घेतली ती १० वाजून ५७ मिनिटांनी. अवघी ७८ मिनिटे! तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे निजली. त्या वेळात जी बंदच होती, ती मात्र वाचली.

पुढचा ताप निराळाच. पडलेले यंत्र बहुधा दुरून उठवता येईना. माणसाने त्याच्यापाशी जावे, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करावे आणि ती फाइल काढून टाकावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असले, तर ४८ आकड्यांची किल्ली हवी. आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादीही पडलेल्या सर्व्हरवरच! एकट्या डेल्टा विमान कंपनीला पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली.

मग पहारेकरीच नको, असे म्हणावे काय? जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामाने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही अडले होते. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तेव्हा पहारा हवाच. प्रश्न आहे तो कसा बसवायचा, याचा.

दिवाळीत अनारसे करणाऱ्या गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. ती आधी एकच अनारसा तुपात सोडते. तो हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पीठ सावरते. सारा घाणा एकदम कढईत लोटीत नाही. जाणता व्यवस्थापकही तसाच वागतो. संस्थेत यंत्रे किती, कोणत्या वयाची, याची तो आधी मोजदाद करतो. जुना पहारेकरी काढतो, कारण एका दारावर दोघे असले की ते एकमेकांवरच संशय घेतात. मग हिशेब, भांडार, स्वागतकक्ष अशा निरनिराळ्या खात्यांतली दहा-वीस यंत्रे निवडून तिथे नवा प्रोग्राम बसवतो. प्रथम त्याला नुसते पाहू देतो. अडवण्याचा हुकूम नंतर. काही दिवस निभावले की पुढची तुकडी. ज्या सर्व्हरवर साऱ्यांचे पोट चालते, ते अगदी शेवटी. आणि किल्ल्यांची एक यादी कागदावर, तिजोरीत.

दुर्दैव असे की, त्या शुक्रवारी अशी काळजी घेणारेही सापडले. प्रोग्रामाची नवी आवृत्ती थोडी मागाहून घेण्याची सोय त्यांना होती. नियमांच्या फाइलींना ती लागू नव्हती. त्या साऱ्या जगाला एकदमच वाढल्या जात. पुढे कंपनीने त्याही टप्प्याटप्प्याने धाडण्याची आणि गिऱ्हाइकाला त्यांची वेळ ठरवू देण्याची व्यवस्था केली.

म्हणून कचेरीत नवा पहारेकरी आणताना विक्रेत्याला एवढे जरूर विचारा: “तो चोराला कसा पकडतो, ते समजले. पण तो स्वतः चुकला, तर आमची किती दारे एकदम बंद होतील?”