संगणक प्रारंभ-विलंब
विद्युत् पुरवठा सुरू केल्यापासून संगणक कामास सज्ज होईपर्यंत लागणारा काळ अकारण वाढणे, याला प्रारंभ-विलंब म्हणता येईल. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी हे घनावस्था स्मृतिसाधन बसविल्यास हा काळ पुष्कळ घटतो. काही वेळा मात्र तो तेवढाच राहतो, क्वचित वाढतोही. अशा वेळी दोष नव्या साधनाला दिला जातो. तो बहुधा अन्यत्र असतो.

हार्ड डिस्कमधील चुंबकीय तबकड्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेऱ्यास सु. ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती नोंद वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक काळ जातो. शीर्ष योग्य जागी नेण्याचा वेळ निराळा. प्रारंभाच्या वेळी असंख्य लहान फायली विखुरलेल्या जागांहून वाचाव्या लागत असल्याने हा काळ साचत जातो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तिच्यातील फ्लॅश स्मृती जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत विकसित केली व १९८४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तीतील नोंद वाचण्यास सु. ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ पुरतो.

परंतु प्रारंभ म्हणजे केवळ वाचन नव्हे. प्रथम बायॉस किंवा यूईएफआय ही संगणकातील मूळ आज्ञावली यंत्रभाग तपासते व प्रचालन प्रणाली कोठे आहे ते शोधते. मग प्रणालीचा गाभा व यंत्रचालक आज्ञावल्या स्मृतीत येतात आणि अखेरीस वापरणाऱ्याचे कार्यक्रम सुरू होतात. एसएसडीचा लाभ मुख्यतः या नंतरच्या टप्प्यांना होतो. म्हणून वेळ कोठे जातो हे घड्याळ लावून पाहणे, ही निदानाची पहिली पायरी होय. विंडोज ८ (२०१२) पासून ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा काही भाग जतन करून ठेवण्याची सोय असल्याने मोजणी ‘रीस्टार्ट’ करूनच घ्यावी.

उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर रेंगाळत असेल, तर मूळ आज्ञावली बहुधा काढून टाकलेली डिस्क शोधत असते किंवा जाळ्यावरून प्रारंभ होतो का ते पाहत असते. नव्या एसएसडीला क्रमात पहिले स्थान दिल्याने हे थांबते. जुनी डिस्क साठवणीसाठी आतच ठेवली असेल आणि ती जीर्ण झाली असेल, तर तिच्या उत्तराची वाट पाहण्यातही वेळ जातो. तिची जोडणी तात्पुरती काढली की खरे काय ते कळते. लिनक्स प्रणालीत काढलेल्या विभागाचा उल्लेख तसाच राहिला, तर अनेकदा ९० सेकंद वाट पाहिली जाते. मुख्य पडदा आल्यानंतरचा विलंब मात्र आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांमुळे असतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली की तिच्या खोडीही नव्या घरी येतात!

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीत आणखी एक कारण संभवते. मुंबईस राहणाऱ्या चाकरमान्यांची येथील अनेक घरे वर्षातील बराच काळ बंद असतात व गणेशचतुर्थीस उघडतात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात तर अनेक गावे काही दिवस अंधारात होती. संगणकातील घड्याळ चालविणारा, नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा विद्युत् घट पुरवठा बंद असताना अधिक झिजतो. तो संपला की जुन्या संगणकात शोधाचा क्रम व डिस्कशी संपर्काची पद्धत मूळपदावर जाते आणि एकदा दूर केलेला विलंब पुन्हा उद्भवतो. संगणक चुकीची तारीख दाखवू लागणे ही याची सोपी खूण आहे. घट बदलणे हा अल्पखर्चाचा उपाय असून त्यासाठी नवी एसएसडी घेण्याचे कारण नाही. खाऱ्या, दमट हवेने जोडण्यांची टोकेही खराब होतात. पुरवठा तोडून ती काढून पुन्हा बसविणे इष्ट ठरते.

संपर्काची पद्धत बदलताना खबरदारी हवी. ती अचानक बदलल्यास विंडोज सुरूच न होण्याचा संभव असतो आणि माहिती बिटलॉकरने सांकेतिक केलेली असल्यास पुनःप्राप्तीची किल्ली मागितली जाऊ शकते. किल्ली हाती नसेल, तर दुकानाचे हिशेब असोत की घरची छायाचित्रे, ती परत मिळत नाहीत. प्रारंभास लागणाऱ्या फायली कधीकधी जुन्या डिस्कवरच राहिलेल्या असतात. ती डिस्क वेगळी करून संगणक अनेकदा सुरळीत सुरू झाल्याखेरीज ती पुसू नये. उलटपक्षी, एसएसडी हीच एकमेव प्रत मानून घर बंद करणेही धोक्याचे आहे. जेडेक या संस्थेच्या प्रमाणानुसार सामान्य ग्राहकांच्या एसएसडीने, तिची निर्धारित लेखनक्षमता वापरून झाल्यावर, पुरवठ्याविना ३०° से. तापमानास एक वर्ष माहिती टिकवावी अशी अपेक्षा असते. तापमान वाढले की ही मुदत घटते.