मोत्यांच्या व्यापाऱ्याची पेटी

४ रतींचा एक मोती आणि एकेक रतीचे ४ मोती यांचे वजन सारखेच. मग किंमतही सारखीच असेल का? इराणी आखातातील जुन्या मोतीव्यापाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आपली पेटी उघडून दिले असते.

या व्यापाऱ्याला अरबी भाषेत ‘तव्वाश’ म्हणत. उन्हाळ्यात बहारीन, कुवेत येथील गलबते समुद्रात जात व पाणबुडे तळाचे शिंपले काढीत. तव्वाश तेथे जाऊन मोती विकत घेई. त्याच्या लाकडी पेटीत पितळी चाळण्या, लहानसा तराजू, वजने आणि तांबडे कापड असे. तांबड्या कापडावर मोत्याचा रंग व तेज चांगले पारखता येते.

चाळण्या एकीत एक बसणाऱ्या असत; प्रत्येकीची छिद्रे आधीच्या चाळणीहून लहान. त्यांतून मोती आकारमानाप्रमाणे वेगळे होत. या प्रतींना ‘डोके’, ‘पोट’, ‘शेपूट’ अशा अर्थाची अरबी नावे होती. परंतु चाळणीला कळते ती फक्त जाडी. गोल मोत्याचा व्यास दुप्पट झाला, तर वजन ८ पट होते. म्हणून चाळणीनंतर तराजू हवाच.

मोठा मोती दुर्मिळ, म्हणून किंमत वजनापेक्षाही वेगाने वाढते. हे आखातातील बरेच मोती जेथे विकले जात, त्या मुंबईच्या बाजारात ‘चौ’ नावाचे माप वापरीत. एकूण रतींचा वर्ग करावा, त्याला ५५ ने गुणावे आणि ९६ गुणिले मोत्यांची संख्या याने भागावे. ४ रतींच्या एका मोत्याचे सुमारे ९.१७ चौ होतात. एकेक रतीच्या ४ मोत्यांचे मिळून केवळ २.२९! दर चौला भाव तोच धरला, तर एकटा मोती चौपट महाग.

वजनाचा वर्ग होत असल्याने तोलातली चूकही वाढते. एका मोत्याचे वजन दहा टक्के कमी भरले, तर चौ १९ टक्क्यांनी घटतात. पाणबुड्यांना ठराविक पगार नसे. विक्रीतला वाटा मिळे, आणि बहुतेकजण कर्जात बुडालेले असत. त्यांच्या घरची चूल या इवल्याशा तराजूवर अवलंबून होती.

पुढे जपानचे संवर्धित मोती आले, १९२९ मध्ये जागतिक मंदी सुरू झाली आणि हा व्यापार बसला. अशा पेट्या आता संग्रहालयांत पाहायला मिळतात.

आता तुम्हीच सांगा : गोल मोत्याचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचे चौ किती पट होतील? उत्तर ६४ आले पाहिजे. कसे, ते वहीत करून पाहा.