सुबाभळीचा प्रवास : झाड आले, माहिती मागून आली

सुबाभूळ ज्या गावात नाही असे गाव आज आपल्या राज्यात शोधावेच लागेल. शाळेच्या कुंपणाला, कालव्याच्या भरावावर, पडीक गायरानात, शेताच्या बांधावर हे झाड इतके परिचयाचे झाले आहे, की ते मूळचे येथलेच असावे असा समज होतो. काही शेतकरी त्याचे उपकार मानतात. काही जण ‘एकदा लावले की पिच्छा सोडत नाही’ म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते खरे का, हे समजून घ्यावयाचे तर या झाडाचा प्रवास आणि त्याच्या मागोमाग एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या माहितीचा प्रवास पाहणे आवश्यक आहे. शेतावर कोणती झाडे लावावीत याचा निर्णय आज अनेक ग्रामपंचायतींसमोर आहे. त्या दृष्टीनेही ही हकीकत उपयोगी पडावी.

सुबाभळीचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील आदिम लोक या कुळातील झाडांच्या कोवळ्या शेंगा व बिया हजारो वर्षांपासून खात आले आहेत. मेक्सिकोतील ओआहाका या राज्याचे नावही याच झाडाच्या स्थानिक नावावरून पडले आहे. १५६५ पासून स्पॅनिश गलबते मेक्सिकोचा पश्चिम किनारा व फिलिपिन्समधील मनिला यांच्यामध्ये नियमित ये-जा करू लागली आणि त्यांच्याबरोबर हे झाड आशियात पोहोचले. फिलिपिन्समध्ये त्याला ‘इपिल-इपिल’ हे नाव मिळाले, इंडोनेशियात ‘लामतोरो’. मात्र या काळात जी जात पसरली ती झुडपी होती : उंची थोडी, शेंगा अमाप. कॉफीच्या मळ्यात सावलीला आणि घरी सरपणाला ती बरी, पण लाकूड म्हणून तिची किंमत फारशी नव्हती.

या चित्रात बदल झाला तो हवाई बेटांवर. हवाई विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जेम्स ब्रूबेकर यांनी १९६० च्या दशकात मेक्सिको व मध्य अमेरिकेतील निरनिराळ्या भागांतून या झाडाचे बियाणे गोळा करून एकाच जागी लावून पाहिले. त्या संग्रहात काही वाण असे निघाले की जे झुडूप न होता सरळ उंच वाढत. ‘के-८’, ‘के-२८’, ‘के-६७’ हे वाण पुढे ‘हवाईयन जायंट’ म्हणून प्रसिद्धीस आले. ब्रूबेकर यांनी केलेले दुसरे काम आमच्या मते तितकेच मोलाचे होते. १९८० पासून ‘ल्युसीना रिसर्च रिपोर्ट्स’ हे वार्षिक प्रकाशन निघू लागले आणि १९८१ मध्ये हवामानातील नत्र जमिनीत स्थिर करणाऱ्या झाडांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कोणत्या देशात कोणता वाण कसा वाढला, कोठे फसला, हे त्यामुळे एकमेकांना कळू लागले. हवाईतच चाललेल्या ‘निफताल’ या प्रकल्पाने मुळांवरील गाठींना योग्य असे जिवाणू संवर्धन तयार केले. योग्य जिवाणू नसलेल्या जमिनीत नुसते बी पेरले तर झाड नत्र स्थिर करीत नाही, ही गोष्ट त्यापूर्वी बियाणे मागविणाऱ्यांच्या ध्यानातही येत नसे.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे आलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गाईंचे काम सुरू झाले तसा चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. दूध वाढवावयाचे तर प्रथिनयुक्त हिरवा चारा बारमाही हवा आणि कोरडवाहू भागात तो मिळावा कोठून? सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे २० ते २५ टक्के प्रथिने असतात, मुळे खोल जात असल्याने उन्हाळ्यातही पाला हिरवा राहतो, तोडले की पुन्हा फुटते. १९७० च्या दशकात हवाईयन वाणांचे बियाणे उरुळीला आले व तेथून देशभर गेले. झुडपी जातीला ‘कुबाभूळ’ म्हटले जाई, तिच्यापासून वेगळेपण दाखविण्यासाठी ‘सुबाभूळ’ हे नाव रूढ झाले. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र काम सुरू झाले आणि सुबाभूळ रोपवाटिकांतून गावोगावी पोहोचली.

परंतु पाल्याबरोबर एक दोषही आला होता. सुबाभळीच्या पाल्यात ‘मिमोसिन’ नावाचे द्रव्य असते. घोडा, डुक्कर यांसारख्या रवंथ न करणाऱ्या जनावरांना ते पोटात गेले की केस गळू लागतात. गाई-म्हशी व शेळ्या यांच्या कोठीपोटात त्याचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते व ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर परिणाम करते. जनावर खाणे कमी करते, वजन घटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील पशुपालकांना याचा मोठा फटका बसला होता. आश्चर्य असे, की हवाई बेटांवरील शेळ्या तोच पाला भरपूर खात आणि त्यांना काही होत नसे. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी या फरकाचा पिच्छा पुरविला. झाड तेच, विष तेच, मग फरक जनावराच्या पोटात असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन तेथील जनावरांना देण्यात आला. विषबाधा थांबली. या द्रवातील ज्या जीवाणूमुळे हे घडले त्याला १९९२ मध्ये जोन्स यांच्या सन्मानार्थ ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असे नाव दिले गेले. कळपातील थोड्या जनावरांना तो दिला की एकमेकांच्या सहवासाने तो इतरांत पसरतो. झाड अमेरिकेतून निघून जगभर फिरले, पण त्याला पचविण्याची युक्ती मागेच राहिली होती. ती पोहोचावयास काही शतके लागली असे म्हणता येईल. आपल्या शेतकऱ्यास मात्र साधा नियम पुरेसा आहे : एकूण चाऱ्यात सुबाभळीचा पाला एक-तृतीयांशापेक्षा अधिक असू नये, आणि घोड्या-गाढवांपुढे तो टाकूच नये.

दुसरा धडा अधिक कठोर होता. सुबाभळीवर मूळ प्रदेशात ‘सायलिड’ नावाची, माव्यासारखी कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड असते. तेथे तिचे नैसर्गिक शत्रूही असल्यामुळे ती मर्यादेत राहते. १९८४ मध्ये ही कीड हवाईत दिसली, १९८५ मध्ये फिलिपिन्समध्ये, त्यानंतर इंडोनेशिया, थायलंड व ऑस्ट्रेलियात, आणि १९८८ मध्ये दक्षिण भारतात. एकाच झाडाची, बहुधा एकाच वाणाची लागवड सर्वत्र झालेली असल्याने तिला वाटेत कोठेही अडथळा झाला नाही. शेंडे काळवंडले, पाने गळाली, वाढ खुंटली. फिलिपिन्समध्ये १९७९ नंतर लाकडावर चालणाऱ्या लहान वीजकेंद्रांचा मोठा कार्यक्रम इपिल-इपिलच्या लागवडीवर विसंबून आखण्यात आला होता. त्यापैकी थोडीच केंद्रे प्रत्यक्षात उभी राहिली. किडीखेरीज अयोग्य जमीन आणि डोंगरातून लाकूड वाहून आणण्याची अडचण हीही त्यामागील कारणे होती.

या वेळी माहिती झाडापेक्षा वेगाने धावली. हवाईत १९२२ मध्ये नारळावरील पिठ्या ढेकणासाठी मेक्सिकोहून निळसर चकाकीचा एक ढालकिडा आणलेला होता. तो या किडीवरही ताव मारतो असे आढळताच अनेक देशांनी त्याला बोलावून घेतले. भारतातही १९८८ मध्येच थायलंडमार्गे हा ढालकिडा आणून सोडण्यात आला. किडीचा पूर्ण नायनाट झाला नाही, पण उद्रेकाची तीव्रता ओसरली. कीड सहन करणारे संकरित वाण तयार करण्याचे काम हवाई व ऑस्ट्रेलियात पुढे चालू राहिले.

चाऱ्यासाठी आलेल्या या झाडाचे भारतातील खरे व्यापारी भवितव्य शेवटी लाकडात ठरले. आंध्र प्रदेशातील प्रकाशम, गुंटूर, कृष्णा व त्यावेळच्या आंध्रातील, आता तेलंगणात असलेल्या खम्मम या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कागदाच्या लगद्यासाठी सुबाभळीची दाट लागवड केली. तीन-चार वर्षांत तोड येते, तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फूट येते, मजूर कमी लागतात. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकूडआधारित उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घ्यावा अशी दिशा दिली होती. त्याचे हे ठळक उदाहरण. पण गिऱ्हाईक मोजकेच असेल तर भाव कोण ठरविणार? गिरण्यांनी खरेदी हात आखडून केली की उभे पीक घेऊन शेतकरी अडून राहतो. तेथे शासनाला वेळोवेळी दरासाठी मध्यस्थी करावी लागली, ती यामुळेच. गिरणीचे अंतर व वाहतूक खर्च यांचा हिशेब लागवडीपूर्वीच करावयास हवा. तोडीच्या वेळी तो करून उपयोग नाही.

सन २००० मध्ये जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत सुबाभळीचा समावेश झाला हेही येथे नमूद केले पाहिजे. तिला परपरागाची गरज नसते. एकटे झाड असले तरी शेंगा भरपूर धरतात आणि बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. म्हणून जे झाड नियमित तोडले जाते ते शेतकऱ्याचे, आणि ज्याकडे कोणी पाहत नाही ते रानाचे, असा फरक पडतो. चाऱ्यासाठी दर दोन-अडीच महिन्यांनी छाटली जाणारी सुबाभूळ सहसा उपद्रव करीत नाही. शासकीय जागेत लावून विसरलेली सुबाभूळच पुढे ओढ्याकाठाने पसरते.

ज्या ग्रामपंचायती बांधावर किंवा गायरानात ती लावू इच्छितात त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. आम्लधर्मी व पाणी साचणाऱ्या जमिनीत हे झाड रडत वाढते. त्यामुळे कोकणातील जांभ्या जमिनीत त्याचा आग्रह धरू नये. बियांचे कवच कठीण असते. उकळी येण्यापूर्वीच्या कढत पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून नंतर रात्रभर गार पाण्यात भिजवावे व जिवाणू संवर्धन चोळून पेरावे. नदी-ओढ्याच्या काठी आणि राखीव वनाला लागून लागवड करू नये. एकाच झाडाचा पट्टा न करता शेवरी, कडुनिंब, शिवण अशी इतर झाडे मधून मधून असावीत. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडांमध्ये सुबाभूळ नाही. मात्र माल गाडीत भरण्यापूर्वी वाहतुकीसंबंधीचे त्या वेळचे नियम तालुक्याच्या वन कार्यालयात विचारून घ्यावेत, आणि शेंगा वाळून तडकण्याच्या आत छाटणी उरकावी.