थंडाव्याची उधारी

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या ल्यूक हवाई तळावर इंधनाचे हिरवे टँकर पांढरे रंगवले गेले. वाळवंटी उन्हात आतलं इंधन तापू नये, म्हणून. एफ-३५ या लढाऊ विमानाला गरम इंधन चालत नाही.

जे जाळायचंच, ते थोडं गरम असलं तर बिघडलं कुठे? पण या विमानात जळण्याआधी इंधनाला आणखी एक काम असतं. रडार, संगणक, जनरेटर यांची उष्णता तेच शोषून घेतं. बाहेरच्या हवेचा फारसा आधार नाही. शत्रूच्या रडारला चकवायचं, तर हवा आत घेणारी मोठी तोंडं अंगावर ठेवता येत नाहीत. शिवाय उड्डाण संपत येतं तशी टाकी रिकामी होते आणि उष्णता सामावणारं इंधनही कमी उरतं.

जुन्या विमानांत इंजिन सुरू करायला एक यंत्र, आणीबाणीच्या विजेसाठी दुसरं आणि गारव्यासाठी तिसरं, अशी वेगवेगळी सोय असे. एफ-३५मध्ये हनीवेल कंपनीने ही सगळी कामं एकाच यंत्रणेत बसवली. वजन वाचलं, जागाही वाचली. मात्र उड्डाणात ही यंत्रणा मुख्य इंजिनातली दाबाची हवा घेऊन चालते. तिथेच मेख आहे.

मूळ आराखड्यात थंडाव्यासाठी सुमारे १४ किलोवॉट क्षमता धरली होती. इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेलं आणि गरज त्याच्या दुपटीवर गेली. जास्त थंडावा म्हणजे इंजिनातून जास्त हवा; तेवढं इंजिन अधिक तापतं आणि लवकर झिजतं. या झिजेपायी देखभालीचा खर्च ३८ अब्ज डॉलरनी वाढेल, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२३ मध्ये मांडला. त्याच वर्षी पेंटागॉनने इंजिनाचा गाभा सुधारण्याचा मार्ग निवडला.

दोष यंत्रणा एकत्र करण्यात नव्हता; पुढच्या वाढीसाठी वाव राखून ठेवला नाही, यात होता. विजेवर चालणारं प्रत्येक नवं उपकरण उष्णताही घेऊन येतं. भारताच्या ‘ॲम्का’ या स्टेल्थ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. वीज आणि थंडावा यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून एकाच वहीत मांडला, तरच ही उधारी आपल्या इंजिनाच्या माथी बसणार नाही.