उचल घेण्याआधी



सोलापूर जिल्ह्यातील पारधी वस्त्यांवर बचतीचा विषय काढला की मला हमखास ऐकू येते, “ताई, पोटालाच पुरत नाही, मागं काय टाकायचं?” प्रश्न खरा आहे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा वर्षाचा हिशेब वहीत मांडला, की अडचणीचे महिने वेगळे दिसतात. पावसाळ्यात काम नसते. तेव्हा औषधाला, शाळेला दोन-तीन हजार लागले की मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर नवरा-बायकोचा ‘कोयता’ त्याच्याच टोळीत बांधला जातो. हंगामात फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर.

लग्नासाठी घेतलेली मोठी उचल बचतीने सुटेल, असे मी म्हणणार नाही. ही छोटी उचल मात्र टळू शकते. पंधरा बायकांच्या बचत गटात प्रत्येकीने आठवड्याला 50 रुपये टाकले, तर महिन्याला 3,000 जमतात. त्यातूनच आपापसांत कर्ज द्यायचे. महिना दोन टक्क्यांचे व्याजही गटाकडेच राहते. योसेफाने मिसरात सुकाळातच पाचवा हिस्सा बाजूला काढला होता, हे मी बैठकीत सांगते.

खरी अडचण फडावर येते. तेथे बैठक होत नाही. म्हणून वाढे विकून आलेल्या रोख पैशांतले थोडे डब्यात ठेवायचे आणि परतल्यावर सर्वांसमोर मोजून वहीत लिहायचे, असे आम्ही सुचवतो. पोस्टात महिना 100 रुपयांचे आवर्ती खातेही निघते, पण हंगामात हप्ते चुकतात. डबाच बरा.