मीटरचा लाल डोळा

बिल्डिंगच्या तळमजल्यावरची मीटरची खोली कधी नीट पाहिली आहे? जाळीचं दार, आत कुणाची तरी जुनी सायकल (ती तिथे नसायला हवी, पण असते) आणि भिंतीवर ओळीने मीटर. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटाचे, मुलुंडला बहुतेक महावितरणचे. कंपनी कुठलीही असो, मीटरवर एक इवलासा लाल दिवा लुकलुकत असतो. एखादा भराभर, शेजारचा अगदी सावकाश. असं का बरं?

कारण तो दिवा तुमच्या घरातली वीज मोजत असतो! मीटरवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज संपली. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

आता खरी गंमत. एका मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खाली जा. मीटरला किंवा वायरींना हात लावायचा नाही, काम फक्त डोळ्यांचं. ताईला वर घरात फोन घेऊन उभी करा. ‘ताई, सगळं बंद कर. हो, फ्रिजसुद्धा, पाचच मिनिटं! आता फक्त हॉलमधला पंखा लाव, फुल स्पीडवर.’ साधा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, म्हणून दिवा दर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. मग पंखा बंद करून २००० वॉटचा गीझर लावायला सांगा. दिव्याची नुसती धांदल, सेकंदाला जवळजवळ दोनदा! आणि रिमोटने ‘बंद’ केलेल्या टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स? तोही झोपलेला नसतो. १० वॉट घेत असेल, तर दोन मिनिटांच्या आत दिवा एकदा लुकलुकतोच.

गीझर दहा मिनिटांत बंद होतो. पंखा मात्र आपल्या दमट उपनगरांत दिवसरात्र गरगरतो, म्हणून मला खरा खादाड तोच वाटतो. साध्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात लोहचुंबक नसतो. स्थिर गुंडाळीतल्या विजेमुळे फिरत्या भागात आधी वीज तयार होते, तिच्यामुळे तो चुंबकासारखा वागतो आणि मग कुठे फिरतो. या खटाटोपात बरीच वीज नुसती मोटर तापवण्यात जाते.

पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ‘ॲटमबर्ग’ ही कंपनी सुरू केली आणि काही वर्षांत २८ वॉटचा पंखा बाजारात आणला. त्याच्या फिरत्या भागात कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात, आणि कुठल्या गुंडाळीत केव्हा वीज सोडायची ते एक छोटं सर्किट ठरवतं. अशा मोटरला बीएलडीसी म्हणतात. ती त्यांनी शोधलेली नाही, ती आधीपासून होती. त्यांनी ती आपल्या छतावर आणली. आता इतर कंपन्याही असे पंखे बनवतात. या पंख्यावर तुमचा लाल दिवा ४० सेकंदांनी एकदा लुकलुकेल. वारा मात्र तसाच.

घाटकोपरच्या एका घरात तीन साधे पंखे रोज १२ तास फिरतात, असं धरू. महिन्याला ८१ युनिट. २८ वॉटचे तीन पंखे असते तर? साधारण ३०. म्हणजे ५१ युनिटची बचत.

आता घरी आलेलं बिल उघडा. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. वापर कमी झाला की युनिट आधी सगळ्यात वरच्या, महागड्या थरातून कमी होतात. मग त्या ५१ युनिटचे तुमच्या घरी किती रुपये वाचतील? दर बिलावरच छापलेले आहेत. गुणाकार तुम्ही करा!