निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहायचे?

गेल्या वर्षी सप्टेंबरात नववीत शिकणारी माझी पुतणी विज्ञानाची जर्नल घेऊन माझ्याकडे आली. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाचे पान उघडे होते. साहित्य, कृती, आकृती सगळे सुबक अक्षरात लिहून झाले होते.

‘काका, निरीक्षणात काय लिहू?’

‘तू काय पाहिलेस?’

‘प्रयोग अजून व्हायचाय. पण जर्नल उद्या द्यायचीय.’

तिला रागावण्याचा अधिकार मला नव्हता, कारण माळ्यावरच्या ट्रंकेत माझी स्वतःची १९८४-८५ सालची जर्नल आहे. ती काढून पाहिली. त्याच प्रयोगाखाली माझ्या अक्षरात लिहिले आहे : ‘निरीक्षण – आयोडीन टाकल्यावर पानाचा रंग निळसर काळा झाला. अनुमान – हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषणाने स्टार्च तयार होतो.’ शेजारी लाल शाईची बरोबरची खूण आहे. पण त्या दिवशी बशीतले पान निळसर काळे झालेच नव्हते. ते तपकिरीच राहिले होते, आणि हे मला आजही स्वच्छ आठवते. मी तसे बाईंना सांगितलेही. पंचेचाळीस मुले, एक बर्नर आणि एकच तास. त्या म्हणाल्या, ‘पुस्तकात काय आहे ते लिही.’ मी लिहिले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तीस वर्षे लोकांच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या. जीवशास्त्र शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि गच्चीवरच्या कुंड्यांमधून. खोटी नोंद कशी दिसते हे हिशेबनिसाला कळते. म्हणून चाळीस वर्षांनी ठरवले की ही एक नोंद तपासून पाहायची : ते पान तपकिरी का राहिले?

कृतीतल्या पायऱ्या

प्रयोग बहुतेक वाचकांनी शाळेत केला किंवा निदान लिहिला असेल. झाड एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे. मग काही तास उन्हात ठेवून पान तोडायचे. ते पाण्यात उकळायचे, नंतर गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या भांड्यात बुडवून त्याचा हिरवा रंग काढून टाकायचा, कोमट पाण्याने धुवायचे आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे.

आम्ही ही कृती श्लोकासारखी पाठ केली होती. प्रत्येक पायरीला कारण आहे, हे कोणी सांगितले नव्हते. उकळत्या पाण्याने पानातल्या पेशी मरतात आणि त्यांच्यात चाललेली रासायनिक कामे जागच्या जागी थांबतात. स्पिरिटमध्ये हरितद्रव्य विरघळते. ते काढले नाही तर हिरव्या रंगाखाली निळा रंग दिसत नाही. स्पिरिट पेट घेते, म्हणून ते थेट आचेवर ठेवायचे नाही. पाणी गरम करून, गॅस बंद करून मग त्यात स्पिरिटचे भांडे ठेवायचे. आणि स्टार्चचे लांब रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात. आयोडीन त्या वळणांच्या आत जाऊन बसते तेव्हा गडद निळा रंग दिसतो.

आणि पहिली पायरी, अंधाराची? पानात आधीचा स्टार्च असेल तर तो संपावा आणि नंतर दिसेल तो नव्याने झालेलाच असावा, यासाठी ती आहे. आमच्या शाळेत ही पायरी गाळली गेली होती. जास्वंद अंगणात जमिनीत लावलेली होती, तिला कपाटात कसे ठेवणार? मॉनिटरने जाऊन पान तोडून आणले. शाळा सकाळची होती. पान तोडले तेव्हा सव्वासात वाजले होते.

एकेक शंका बाजूला काढणे

तपकिरी पानाची अनेक कारणे असू शकतात. तपासाचे कौशल्य म्हणतात ते इथे लागते. सगळ्या शक्यता कागदावर मांडायच्या, आणि एका वेळी एकच तपासायची.

पहिली शंका : आयोडीन जुने झाले असेल. तपासणी सोपी आहे. त्याच बाटलीतला थेंब बटाट्याच्या कापावर टाकायचा. बटाटा काळानिळा झाला तर आयोडीन ठीक. दुसरा थेंब साध्या पाण्यात. तिथे निळे काही दिसता कामा नये. या दोन बशा म्हणजे तुलनेचे संच. नक्की ‘हो’ आणि नक्की ‘नाही’ कसे दिसते हे आधी माहीत असले, तरच मधल्या पानाबद्दल बोलता येते. शाळेत आम्ही यातले काहीच केले नव्हते.

दुसरी शंका : हरितद्रव्य पुरते निघाले नसेल. पण मला आठवते ते पान फिकट पिवळे झाले होते. तिसरी शंका : जास्वंदीच्या पानात स्टार्च साठतच नसेल. अशी झाडे आहेत. कांद्याच्या पातीवर हा प्रयोग केला तर कितीही ऊन दिले तरी निळा रंग दिसत नाही, कारण कांदा पातीत स्टार्चऐवजी साखरेच्या रूपात साठा करतो. जास्वंदीचे मात्र तसे नाही. अनेक शाळांत ती याच प्रयोगासाठी वापरतात.

उरली चौथी शंका : पान तोडण्याची वेळ.

न जमलेल्या प्रयोगांचा इतिहास

पुढे जाण्याआधी थोडे मागे जाऊ, कारण प्रकाशसंश्लेषणाचा शोध लागला तोच मुळी न जमलेल्या प्रयोगांतून.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मोंट यांनी भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली आणि ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. शेवटी झाड १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस कमी. निष्कर्ष : झाड पाण्यापासून बनते. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. त्यांनी एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवली आहे : चार शरद ऋतूंत गळलेल्या पानांचे वजन आपण धरलेले नाही. निष्कर्ष चुकला, पण नोंद इतकी चोख होती की पुढच्या लोकांना चूक शोधता आली. यातली गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने रूढ केला. कोळसा जळताना जो वायू निघतो त्याचाही त्यांनी अभ्यास केला होता. झाडाचे वजन मुख्यतः त्याच वायूतून येते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

१७७१ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी मेणबत्ती विझेपर्यंत ‘बिघडलेल्या’ हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. वनस्पती हवा सुधारतात, असे त्यांनी जाहीर केले. पण स्वीडनमध्ये कार्ल शील यांना उलट अनुभव आला. त्यांच्या रोपांनी हवा बिघडवली. पुढे खुद्द प्रिस्टली यांनाही दर वेळी तेच उत्तर मिळेना.

दोन प्रामाणिक माणसे, दोन उलट नोंदी. कोणा एकाला खोटे ठरवून प्रश्न मिटवता आला असता. तसे न करता यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि दोन्ही नोंदी खऱ्या असल्याचे दाखवले. हवा सुधारते ती झाडाचा हिरवा भाग, आणि तीही उजेडात. अंधारात तेच झाड हवा बिघडवते. प्रिस्टली आणि शील यांच्या वह्यांत उजेडाचा रकानाच नव्हता.

शील यांनी ‘पुस्तकात आहे तसे’ लिहिले असते, तर हा रकाना कोणी आणि कशासाठी शोधला असता?

पानावर आयोडीन टाकून पाहण्याची आपली पद्धत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांच्या कामातून आली. १८६० च्या दशकात त्यांनी दाखवले की उजेडात हरितलवकांमध्ये स्टार्च तयार होतो. दिवसा साठलेला हा स्टार्च रात्री नाहीसा होतो, हेही त्यांनी पुढे नोंदवले. शाळेच्या पुस्तकात त्यांचे पहिले वाक्य आले, दुसरे राहून गेले.

गच्चीवरची जास्वंद

गेल्या ऑक्टोबरात पुतणी आणि मी आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीवर तपास सुरू केला. प्रश्न एकच : एकाच झाडाच्या पानात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी स्टार्च सारखाच असतो का? बदलायची ती फक्त वेळ. बाकी सगळे सारखे ठेवायचे. शेंड्यापासून तिसरे किंवा चौथेच पान, स्पिरिटमध्ये तेवढाच वेळ, आयोडीनचे तेवढेच थेंब. सातला, एकला आणि सहाला पान तोडायचे आणि लगेच उकळत्या पाण्यात टाकायचे, म्हणजे आतला हिशेब त्या क्षणी गोठतो. चौथ्या पानाला आदल्या संध्याकाळीच काळा कागद लावून ठेवायचा आणि तेही सहाला तोडायचे. नाहीतर परिणाम घड्याळाचा की उजेडाचा, हे कळणार नाही.

अजून एक खबरदारी घेतली. मला हवे ते उत्तर दिसण्याचा धोका होता; चाळीस वर्षांची ओढ होती. म्हणून पुतणीने बशांना नुसते आकडे दिले, त्यांची अदलाबदल केली आणि यादी स्वतःजवळ ठेवली. कोणते पान किती गडद, हे मी आधी लिहून द्यायचे आणि मगच यादी उघडायची.

उन्हाच्या चार दिवसांत चारही वेळा संध्याकाळचे पान सर्वांत गडद आले, दुपारचे त्याखालोखाल. सकाळचे पान तीन दिवस तपकिरी, एक दिवस कडेला निळसर ठिपके. झाकलेले पान चारही दिवस तपकिरीच. मग यंदाच्या आषाढात, ढगाळ हवेत, तीन दिवस तेच केले. रंग सगळेच फिके आले आणि एकदा मी दुपारचे पान संध्याकाळच्या वर लावले. तीही नोंद वहीत तशीच आहे.

एक झाड, एक गच्ची, सात दिवस. यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण माझ्या जुन्या पानाबद्दल एवढे म्हणता येते : ते बहुधा बरोबर होते. पावसाळ्यातली सकाळ, रात्र सरलेली, सव्वासाताची वेळ. त्या पानात स्टार्च नसणे स्वाभाविक होते.

रात्री तो जातो कुठे? दिवसा पान गरजेपेक्षा जास्त साखर बनवते आणि जादा साखर स्टार्चच्या रूपात बाजूला ठेवते. रात्री उत्पन्न बंद, खर्च मात्र चालू. श्वसन थांबत नाही, वाढही थांबत नाही. तेव्हा स्टार्चची पुन्हा साखर होते आणि ती झाडभर पोहोचते. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपावर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. ते रोप साठा अशा बेताने खर्च करते की तो पहाटेपर्यंत पुरतो आणि पहाटेला जवळजवळ संपतो. प्रयोगशाळेत अचानक लवकर रात्र केली, तर ते खर्चाचा वेग कमी करून उरलेला साठा पहाटेपर्यंत पुरवते. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या संशोधकांनी २०१३ साली मांडले की हा एक प्रकारचा भागाकारच आहे : शिल्लक साठा भागिले उरलेले तास. जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनी ओळखावे.

आणि याची खूण आमच्या कृतीतच होती. ‘झाड अंधारात ठेवा, म्हणजे स्टार्च संपेल.’ अंधारात स्टार्च संपतो, तर रोज रात्री काय होत असेल? हा प्रश्न नववीच्या मुलाला पडू शकतो. त्याची नोंद खरी ठेवली असेल, तरच पडू शकतो.

जर्नलमध्ये दोन ओळी

असे शिक्षण आपल्याकडे करून पाहिलेले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमधून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही त्याला हात लावला होता. मुले प्रयोग करीत, आपल्या नोंदी आपण लिहीत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची मुभा होती, कारण तपासायची होती ती विचार करण्याची रीत. २००२ साली सरकारने तो बंद केला.

तेवढे मोठे काही मी सुचवत नाही. पंचेचाळीस मुले आणि एक बर्नर ही शिक्षकांची अडचण मी पाहिलेली आहे. सध्याच्या जर्नलमध्ये दोन ओळी वाढवल्या तरी पुष्कळ होईल. निरीक्षणाआधी एक : ‘काय दिसेल असे वाटते?’ निरीक्षणानंतर दुसरी : ‘वेगळे दिसले असल्यास संभाव्य कारणे.’ अपेक्षित उत्तर पहिल्या ओळीत लिहून टाकले की निरीक्षणाचा रकाना मोकळा राहतो. आणि दुसऱ्या ओळीला गुण असतील तर तपकिरी पान आलेल्या मुलाला पुस्तकात पाहून लिहावे लागणार नाही.

पुतणीने त्या रात्री निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून जर्नल दिली. शेरा मिळाला : ‘अपूर्ण’. महिनाभराने शाळेत प्रयोग झाला तेव्हा तिने तो भरला आणि पान तोडल्याची वेळही लिहिली.

मीही माझ्या जुन्या जर्नलमध्ये, लाल खुणेखाली, पेन्सिलीने लिहिले आहे : ‘दुरुस्ती. पान तपकिरी राहिले. पान तोडल्याची वेळ सकाळी सव्वासात. झाड अंधारात ठेवले नव्हते. आयोडीन तपासले नव्हते.’